चावी घरात, गाडी गायब

आज बोलू या कीलेस गाडीच्या चोरीबद्दल. चावी खिशातच ठेवून हँडलला हात लावला की दार उघडतं, बटण दाबलं की इंजिन सुरू होतं, अशी ही गाडी. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा की दिल्लीत, अशी गाडी आता तुमच्या सोसायटीत उभी असणारच.

आधी ती उघडते कशी ते बघा. हँडलला हात लागला की गाडी एक मंद रेडिओ-हाक देते. ती जेमतेम एक-दोन मीटर जाते. हाक ऐकू आली की चावी सांकेतिक उत्तर पाठवते. उत्तर बरोबर असलं की दार उघडतं. गाडी धरून चालते, की उत्तर आलं म्हणजे चावी जवळच आहे.

चोर नेमका इथेच घुसतो. फौजेतलं उदाहरण देतो. रात्री पहारेकरी विचारतो, 'थम, कौन आता है?' आणि परवलीचा शब्द मागतो. समजा, एक घुसखोर त्याच्यासमोर अंधारात उभा आहे आणि त्याचा साथीदार तंबूत झोपलेल्या जवानापाशी. दोघांकडे वॉकीटॉकी. पहारेकऱ्याचा प्रश्न तंबूत ऐकवला, जवान झोपेत शब्द बोलून गेला, तो तसाच पहारेकऱ्यापर्यंत पोचला. शब्द खरा, माणूस खोटा! कोड फोडायची गरजच पडली नाही. यालाच रिले चोरी म्हणतात.

२०११ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी आठ कंपन्यांची दहा मॉडेल्स तपासली. सगळी या युक्तीला फसली. २०१७ मध्ये इंग्लंडमधल्या वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी सीसीटीव्हीचं चित्रण दाखवलं. एक चोर घराच्या भिंतीजवळ यंत्र धरून उभा, दुसरा मर्सिडीजपाशी. मिनिटाभरात गाडी गेली. आणि एकदा सुरू झालेलं इंजिन चावी दूर गेली तरी बंद पडत नाही. धावती गाडी मध्येच थांबणं धोक्याचं, म्हणून तशीच रचना असते.

काही नव्या गाड्या उत्तर यायला लागलेला वेळ मोजून चावीचं अंतर ओळखतात. तुमची तशी नसेल, तर चावीला गप्प करा.

एक, सिग्नल अडवणारं फॅरेडे पाऊच घ्या. चावी त्यात घालून गाडीपाशी जा, हँडल ओढून बघा. दार उघडलं तर पाऊच कुचकामी. अस्तर झिजतं, म्हणून ही चाचणी अधूनमधून करत राहा. स्टीलचा डबाही असाच तपासल्याशिवाय भरवशाचा मानू नका.

दोन, कपाटातली दुसरी चावीही पाऊचमध्ये ठेवा. तीही उत्तर देतेच.

तीन, गाडीचं मॅन्युअल वाचा. काही गाड्यांत कीलेस सोय बंद करता येते. मग रिमोटचं बटण दाबूनच दार उघडायचं.

चार, स्टिअरिंगला लोखंडी लॉक लावा. काही चोर गाडीच्या ओबीडी पोर्टमधून नवी चावीच प्रोग्रॅम करतात. तिथे पाऊचचा उपयोग नाही, पण हे लॉक त्यांचा वेळ खातं. फौजेत आम्ही एका कुंपणावर कधीच विसंबत नाही.

आज रात्रीच दोन्ही चाव्या शोधा आणि हँडलची चाचणी करा. पुढच्या भागात भेटू. जय हिंद!