टर्बोचे दुखणे की नळीचे?

गेल्या वैशाखात एका मुंजीकरिता आम्ही सहकुटुंब लातुराहून नांदेडास निघालो. गाडी डिझेलची, पंधरा वर्षे वापरातली. चाकूरपर्यंत ती सुरळीत चालली. परंतु अहमदपूर ओलांडून चढ लागताच तिच्यातला जीवच गेल्यासारखे झाले. दुसऱ्या गिअरवरही तिला धाप लागे. वाटेतील एका गॅरेजवाल्याने झाकण उघडले न उघडले तोच निदान केले, "काका, टर्बो गेला. नवाच बसवा." त्या खर्चास घरातील निम्मी मंडळी तयारही झाली होती!

इंजिनातून निघणाऱ्या तप्त वायूच्या जोराने टर्बोतील एक चक्र फिरते, आणि त्याच दांड्यावरील दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. आमच्या गाडीत हवेचा दाब टर्बोतील हलत्या पात्यांवर अवलंबून असतो, व ती पाती व्हॅक्यूमच्या ओढीने हलतात. पेट्रोलच्या इंजिनात अशी ओढ आपसूक मिळते. डिझेलच्या इंजिनास तीकरिता निराळा पंप लागतो. त्या पंपाच्या बारीक रबरी नळ्या आमच्या मराठवाड्याच्या उन्हाने व इंजिनाच्या धगीने कडक होऊन तडकतात.

कशीबशी गाडी नांदेडास पोहोचली. तेथील वृद्ध मिस्त्रींनी इंजिन सुरू करून पाहिले. पाती हलविणारी दांडी जागची हलेना. मग त्यांनी नळी काढून तेथे बिनसुईची इंजेक्शनची पिचकारी लावली व दट्ट्या ओढला. दांडी हलली आणि तशीच धरून राहिली. टर्बोचा दांडाही ढिला नव्हता, तेलही गळत नव्हते. नळीच्या वाकणात मात्र नखाएवढी चीर सापडली. वीतभर नवी नळी बसताच काम झाले. (त्या गॅरेजवाल्याविषयी मातोश्री काय म्हणाल्या, ते येथे लिहीत नाही.)

मिस्त्रींना काळजी वाटली ती ब्रेकची. "हाच पंप ब्रेकलाही जोर देतो, काका. चीर वाढली असती, तर उतारावर ब्रेक दगडासारखा लागला असता." याची परीक्षा वाचकांस घरीच करिता येईल. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबावा. तो कडक झाला की पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावे. ब्रेक किंचित खाली गेला पाहिजे. न गेल्यास गाडी दाराबाहेर काढू नये.

निघताना मिस्त्रींनी आणखी एक ताकीद दिली. टर्बोचा दांडा मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेतो, तोही तेलाच्या पातळ थरावर. म्हणून लांबच्या प्रवासानंतर इंजिन एकदम बंद करू नये. आता आमच्या दारी गाडी थांबली की मुले मोठ्याने साठ अंक मोजतात आणि मगच किल्ली फिरवू देतात.