किहीमचा वारा आणि मित्रांची शर्यत : सायकलस्वारांचे सात गैरसमज

माघ सरत आला की किहीमच्या फाट्यावर, चोंढीला, पहाटे सायकलींची वर्दळ वाढते. कुणी अलिबागचे, कुणी थळ-वरसोलीचे, तर कुणी मुंबईहून आलेले. 2020 साली भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो बोट सुरू झाल्यापासून सायकलसकट येणं सोपं झालं आहे. मांडव्यापासून अलिबागपर्यंतचा साधारण 20 किलोमीटरचा रस्ता हे या मंडळींचं सरावाचं मैदान. शिमग्याच्या आसपास मित्रांमित्रांत शर्यत लावायची आणि ऊन तापायच्या आत हंगाम आटोपायचा, असा बऱ्याच गटांचा शिरस्ता असतो. हौस दांडगी असते, पण ऐकीव समजुतींमुळे मेहनत वाया जाते, कधी दुखापतही होते. त्यातल्या सात समजुती इथे तपासून पाहू.

गैरसमज 1 : रोज दमछाक झाली तरच तयारी होते.

वस्तुस्थिती : सहनशक्तीच्या खेळांतले अव्वल खेळाडू प्रत्यक्षात सराव कसा करतात, याचा अभ्यास क्रीडाशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांनी केला. या खेळाडूंचा सुमारे 80 टक्के सराव हलक्या जोराचा असतो, असं त्यांना आढळलं. हलक्या पण लांब राईडमध्ये स्नायूंत रक्ताच्या बारीक वाहिन्या वाढतात आणि शरीर इंधन म्हणून चरबी वापरायला शिकतं. ही कमाई सावकाश होते आणि टिकते. रोज फुफ्फुसं फाटेस्तोवर सायकल हाणणाऱ्याला विश्रांतीच मिळत नाही. मग जोराच्या दिवशीही त्याचा जोर लागत नाही.

हलकं म्हणजे किती, हे ओळखायला यंत्र लागत नाही. सोबत्याशी पूर्ण वाक्यांत गप्पा मारता आल्या पाहिजेत. आठवड्यातले दोनच दिवस जोराचे ठेवा : चार मिनिटं नेटाने, तीन मिनिटं सावकाश, असं चार वेळा. नोकरी-धंदा सांभाळून सायकल चालवणाऱ्याला एवढं पुष्कळ झालं.

गैरसमज 2 : जाताना वारा अंगावर आला तरी येताना पाठीशी असतो, हिशेब सारखाच.

वस्तुस्थिती : हिशेब सारखा होत नाही. वारा नसताना ताशी 30 किलोमीटरने 20 किलोमीटर जाऊन परत यायला 80 मिनिटं लागतात. वाऱ्यामुळे जाताना वेग 24 वर आला आणि येताना 36 वर गेला, तर अनुक्रमे 50 आणि 33 मिनिटं लागतात, म्हणजे एकूण 83. विरुद्ध वाऱ्यात आपण जास्त वेळ अडकतो, म्हणून तोटा भरून येत नाही.

त्यात हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी 25 ने जाताना समोरून ताशी 15 किलोमीटरचा वारा आला, तर अडथळा अडीच पटींहून अधिक होतो. त्या वेळी वेगाचा आकडा धरून ठेवायचा हट्ट करू नये. जोर तोच ठेवावा, वेग कमी झाला तर होऊ द्यावा.

किहीमला हे वेळापत्रकासारखं अनुभवायला मिळतं. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मंद मतलई वारे असतात. दहा-अकरानंतर खारे वारे सुरू होतात आणि दुपारी वायव्येकडून चांगलेच जोर धरतात. नारळ-सुपारीच्या वाड्यांच्या आडोशाला ते जाणवत नाहीत. शेतं उघडी झाली की एकदम अंगावर येतात. म्हणून अलिबागहून मांडव्याकडे परतायला उशीर केला तर शेवटचे किलोमीटर सगळ्यांत जड जातात. सकाळी नऊच्या आत घरी पोचायचं, हा इथला साधा नियम.

गैरसमज 3 : दुसऱ्याच्या मागे राहून चालवणं ही फसवणूक आहे.

वस्तुस्थिती : सगळे एकत्र सुटतात त्या रोड रेसचा हा प्राण आहे. पुढच्या चाकामागे नीट राहिलं तर मागच्याची साधारण 25 ते 40 टक्के ताकद वाचते. म्हणून पुढची जागा आळीपाळीने घ्यायची : मिनिटभर ओढायचं, बाजूला व्हायचं, रांगेच्या शेवटी जायचं. एकेकट्याला सोडण्याच्या टाइम ट्रायलमध्ये मात्र दुसऱ्याच्या आडोशाने चालवायला मनाई असते. आपली शर्यत कुठल्या प्रकारची, हे आधी ठरवलं की वाद होत नाहीत.

इथे एक धोका नीट समजून घ्या. दुपारी उत्तरेकडे जाताना वायव्येचा वारा डावीकडून, समोरून येतो. म्हणजे आडोसा मिळतो तो पुढच्याच्या मागे, पण किंचित उजवीकडे. आपल्याकडे वाहतूक डावीकडून चालते, त्यामुळे उजवीकडे सरकणं म्हणजे एसटी आणि मिनीडोरच्या वाटेत जाणं. परदेशातल्या शर्यतींत दिसणारी तिरकी रांग बंद केलेल्या रस्त्यावर शोभते. उघड्या रस्त्यावर एकामागे एकच चालावं, चाकावर चाक चढू देऊ नये आणि पुढच्याने ‘खड्डा’, मागच्याने ‘गाडी’ अशी हाळी द्यावी.

गैरसमज 4 : महागड्या, हलक्या सायकलीशिवाय शर्यत जिंकता येत नाही.

वस्तुस्थिती : 75 किलोचा स्वार आणि 10 किलोची सायकल धरा. सायकल एक किलोने हलकी झाली, तर दहा मिनिटांच्या चढावर जेमतेम सात सेकंद वाचतात. सपाटीवर फरक त्याहून कमी. त्यापेक्षा सीटची उंची बरोबर असणं मोलाचं. टाच पॅडलवर ठेवून पाय तळाशी नेला की गुडघा सरळ व्हावा. मग तळव्याचा पुढचा भाग पॅडलवर ठेवल्यावर गुडघ्यात हलका बाक राहतो. सायकलने गुडघे झिजतात, या तक्रारीमागे बहुधा फार खाली ठेवलेली सीट आणि जड गिअर असतो. गिअर हलका ठेवा आणि मिनिटाला 80 ते 90 फेरे पडू द्या.

गैरसमज 5 : ओल्या वाळूवर चालवलं की फुकटात ताकदीचा सराव होतो.

वस्तुस्थिती : ओहोटीला किहीमची वाळू घट्ट लागते आणि मोह होतो, हे खरं. पण खारं पाणी आणि बारीक वाळू बेअरिंग, चेन आणि ब्रेकमध्ये शिरते. सायकल महिन्यांत कुरकुरू लागते. ताकद वाढवायची तर कार्लेखिंडीचा चढ जवळ आहे, आणि रेवदंड्याचा पूल ओलांडून काशीद-मुरूडकडे गेलात तर चढउतार पुरून उरतील. किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता, हीही समजूत तिकडे गळून पडते. समुद्राकाठची हवाच खारी, त्यामुळे वाळूवर न जाताही दर आठवड्याला गोड्या पाण्याने सायकल धुऊन, पुसून चेनला तेल द्यावं.

गैरसमज 6 : वसंतात ऊन सौम्य असतं, पाणी भरपूर प्यायलं की झालं.

वस्तुस्थिती : मार्चमध्ये कोकणात अचानक उष्णतेची लाट येते. जमिनीवरून पूर्वेचे वारे जोरात वाहतात, खारे वारे सुरू व्हायला उशीर होतो आणि पारा चढतो. किनाऱ्यावर तापमान 37 अंशांपुढे आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त गेलं, की हवामान खातं उष्णतेची लाट मानतं. शरीराला उन्हाची सवय व्हायला 10 ते 14 दिवस लागतात. अशा दिवशी शर्यत पुढे ढकलणं हेच शहाणपण.

घामातून मीठही जातं. तासन्‌तास नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम घटतं; डोकं दुखतं, मळमळतं, क्वचित जिवावर बेततं. मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत बाटलीत घ्या आणि तहानेप्रमाणे प्या. राईड तासाभराहून लांबली तर दर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जाऊ द्या : केळं, चिक्की किंवा गूळपोळी.

गैरसमज 7 : शर्यतीच्या आदल्या आठवड्यात जास्तीत जास्त किलोमीटर करावेत.

वस्तुस्थिती : त्या आठवड्यात नवी ताकद येत नाही, फक्त थकवा साठतो. शेवटच्या एक-दोन आठवड्यांत अंतर जवळपास निम्म्यावर आणा. जोराचे छोटे तुकडे मात्र ठेवा, नाहीतर पाय सुस्तावतात.

हौशी माणसाची धाव मित्रांच्या शर्यतीपुरतीच, असंही कुणी समजू नये. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 साली दोघांचा संघ करून सुमारे 4,800 किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ वेळेत पूर्ण केली. 2017 मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. हे सगळे आपापला पेशा सांभाळून सायकल चालवणारे.

गटात वेगवान आणि सावकाश दोन्ही मंडळी असतील तर सावकाश चालणाऱ्यांना काही मिनिटं आधी सोडा. शेवटपर्यंत चुरस राहते. शर्यत रविवारी पहाटे, मुंबईच्या गाड्या रस्त्यावर यायच्या आत घ्या आणि हेल्मेटशिवाय कुणालाही सुटू देऊ नका. पहिला कोण आला हे पुढच्या वर्षी बदलेल. सगळे धडधाकट परत आले, तीच शर्यत यशस्वी माना.