रुग्णवाहिका येते, पण कोठपर्यंत?

एकशे आठ हा आकडा माझ्या आजीला जपमाळेतील मण्यांमुळे माहीत होता. आता आमच्या वाडीतल्या पोरासोरांनाही तो रुग्णवाहिकेचा नंबर म्हणून पाठ आहे. अपघात असो, सर्पदंश असो, अडलेली बाळंतीण असो. १०८ लावायचा, गाडी येते आणि पैसा पडत नाही. पण आपल्याला पडत नाही म्हणजे तो दुसऱ्या कोणाला तरी पडतोच. तो कोठून येतो आणि कोठवर पोचतो हे समजून घेण्याचा मी यंदा थोडा प्रयत्न केला, तोच येथे मांडीत आहे.

महाराष्ट्रात ही सेवा २६ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाली. योजना ९३७ गाड्यांची होती. त्यांपैकी २३३ गाड्या अत्यवस्थ रोग्यासाठी लागणाऱ्या सर्व साधनांनी सज्ज आणि ७०४ साध्या. गाडीत डॉक्टर असावा, हे आपल्या राज्याने पाळलेले वैशिष्ट्य. गाड्या चालविण्याचे काम कंत्राटाने दिले गेले आणि पैशाचा मोठा आधार होता तो २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाचा. आज त्याला नुसते राष्ट्रीय आरोग्य अभियान म्हणतात.

आता या अनुदानाची रीत पाहण्यासारखी आहे. अशा सेवेसाठी गाड्या घेण्यास केंद्राने मदत केली. पण त्या चालविण्याच्या खर्चाला दिलेला हात हळूहळू काढून घेण्याचा नियम ठेवला. पहिल्या वर्षी ६० टक्के, दुसऱ्या वर्षी ४० टक्के आणि तेथून पुढे २० टक्के. बाकीचे राज्याने पाहावे. लेकीला सासरी पाठवताना भांडीकुंडी द्यावीत आणि रोजचा शिधा तिचा तिने बघावा, तसाच हा प्रकार. खासदारांच्या स्थानिक विकास निधीचेही (हा १९९३ पासून आहे) तेच. त्यातून रुग्णवाहिका घेता येते, डिझेल आणि पगार यांसारखा वारंवार येणारा खर्च करता येत नाही. आमच्या रोहा तालुक्यात धाटाव आणि नागोठणे येथे मोठे कारखाने आहेत. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे ठराविक आकाराच्या कंपन्यांनी नफ्याचे सरासरी दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावयाचे असतात, त्यातूनही गाडी भेट देता येते. नारळ फुटतो, फोटो निघतो. ड्रायव्हरच्या पगाराचा फोटो कोणी काढीत नाही.

गाड्या किती हव्यात याचाही एक हिशेब आहे. एक लाख लोकांमागे एक साधी आणि पाच लाखांमागे एक सज्ज गाडी. रायगड जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २६ लाखांवर भरली. म्हणजे साध्या गाड्या २६ आणि सज्ज ५. जिल्ह्याचे क्षेत्रफळ सात हजार चौरस किलोमीटरच्या वर. तेव्हा एका साध्या गाडीच्या वाट्याला पावणेतीनशे चौरस किलोमीटर येतात. मुंबईत एक लाख माणसे चार रस्त्यांत राहतात. आमच्याकडे ती डोंगराच्या सोंडांवर विखुरलेली आहेत. माणसे मोजून गाडी दिली, पण वाट कोणी मोजली नाही.

वेळेचे महत्त्व आपल्या जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना डॉ. हिम्मतराव बावस्कर विंचूदंशाच्या रोग्यांपाशी रात्र रात्र बसून राहिले. त्यांनी प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी या कामी वापरून दाखविली आणि दगावणाऱ्यांचे प्रमाण खूप खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण ती गोळी वेळेत पोटात जावी लागते, म्हणजे रोगी वेळेत केंद्रात पोचावा लागतो.

पेण आणि रोहा, दोन्ही ठिकाणी उपजिल्हा रुग्णालय आहे. वडखळ, नागोठणे, कोलाड ही गावे महामार्गावरची, तेथे गाडी दारात येते. आमची वाडी पेणच्या पूर्वेच्या डोंगरात. रोहा तालुक्यात दिलेल्या माझ्या आत्याची वाडीही तशीच. दोन्हीकडे डांबरी सडकेपासून वर पायवाट.

मागच्या श्रावणात आमच्या शेजारच्या काकूंना पहाटे कळा सुरू झाल्या. १०८ ला फोन लावला. गाडी सडकेवर वेळेत आली, डॉक्टरही होते. त्यांना बोल लावण्याचे काही कारण नाही. आम्ही चौघांनी बांबूला चादरीची झोळी बांधली आणि निघालो. पावसात उतार निसरडा, ओढा भरलेला. खाली पोचायला दीड तास लागला. बाळ वाटेतच झाले. काकू वाचल्या, बाळ वाचले नाही. गाडीच्या नोंदीत त्या दिवशी ती वेळेवर पोचल्याचेच लिहिले गेले असणार, आणि ते खोटेही नाही.

नंतर वाचनात आले की २०११ सालच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात गरोदर स्त्रीला घरापासून रुग्णालयापर्यंत मोफत वाहन हा हक्कच दिलेला आहे. १०२ नंबरची गाडी मुख्यतः त्याचसाठी. शब्द 'घरापासून' असा आहे. आमच्यापुरते घर म्हणजे सडक.

मग मधल्या दीड तासासाठी कोठेच पैसा नाही काय? आहे, आणि हेच मला सांगावयाचे आहे. ग्रामीण आरोग्य अभियानाने उपकेंद्राला वर्षाला १०,००० रुपयांचा अबंधित निधी दिला, म्हणजे कोणत्या बाबीवर खर्चावा हे आधी बांधून न दिलेला. गावच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीलाही तेवढाच. त्यातून पगार देता येत नाही, वाहन विकत घेता येत नाही. पण तातडीच्या रोग्याला पुढच्या रुग्णालयात नेण्याचा खर्च उपकेंद्राच्या निधीतून करता येतो, असे त्याच्या सूचनांत स्पष्ट लिहिले आहे. समितीच्या पैशातून फारच गरीब घराला आजारपणात मदत करता येते. मोठे अनुदान गाडी घेते आणि सडकेवर थांबते. हे छोटे अनुदान वाडीत चढू शकते. झोळी वाहणाऱ्या चौघांची त्या दिवशीची मजुरी बुडाली. ती कोणी मागितली नाही, कारण अशी मजुरी मागता येते हेच कोणाला माहीत नव्हते.

मी गावच्या कचेरीत जाऊन विचारले. तेथील गृहस्थ म्हणाले, "बाबा, तो पैसा रंगरंगोटीला जातो. तू कॉलेजात शिकतोस ना, मग अभ्यास कर." रागावून नाही, मायेनेच म्हणाले. रंगरंगोटीही करावी लागते, हे मला मान्य आहे. पण वर्षाला दोन-तीनदा झोळी उतरते, तिला किती खर्च येणार?

आमच्या वाडीतल्या दोन मावश्या आणि मी मिळून अर्ज लिहिला आहे. त्यात दोन मागण्या: घडीचे एक स्ट्रेचर शाळेत ठेवावे आणि रोगी खाली आणणाऱ्यांना त्या दिवसाची मजुरी समितीच्या निधीतून मिळावी. मावश्यांनी अंगठे दिले, मी सही केली. येत्या ग्रामसभेत तो वाचायचा आहे. वाचायला मीच उभा राहावे, असे त्यांनी ठरविले आहे.

— द्वितीय वर्ष, कला