कोळंबीची अ‍ॅलर्जी आणि वसईतील कुमारवय

अर्नाळा, पाचूबंदर, नायगाव या किनाऱ्यावरील वस्त्यांत जवळा, बोंबील वाळत घालणे हा नित्यक्रम होय. अशा परिसरात कोळंबीची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाची अडचण ताटापुरती राहत नाही. कोळंबीच्या स्नायूंतील ट्रोपोमायोसिन हे प्रथिन या विकाराचे प्रमुख कारण असल्याचे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील सुब्बा राव व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली दाखवून दिले. ते उष्णतेने सहसा नष्ट होत नाही. म्हणून शिजवून वा वाळवून धोका टळत नाही, आणि क्वचित कालवणाच्या वाफेनेही लक्षणे उद्भवतात. वेष्टित खाद्यावर कवचधारी जलचरांचा निर्देश २०२० च्या विनियमांनी आवश्यक ठरविला. पाटीतून सुट्या विकल्या जाणाऱ्या जवळ्यास वेष्टनच नसते.

बालपणी आई पाहून वाढते. कुमारवयात मूल मित्रांच्या घरी जेवू लागते, आणि चारचौघांत ‘चटणीत जवळा आहे काय?’ असे विचारणे त्यास कमीपणाचे वाटते. ब्रिटन व अमेरिकेतील नोंदींत अन्नजन्य अ‍ॅलर्जीचे प्राणघातक प्रसंग कुमार व तरुण वयात अधिक आढळतात, हे येथे लक्षणीय आहे. श्वास कोंडू लागताच मांडीच्या स्नायूत अ‍ॅड्रेनलीन टोचणे हा पहिला उपाय. तो यजमानाच्या घरी ठाऊक असेलच असे नाही.