बॅट ‘वाढत्या अंगाची’ घेऊ नका!

युनिफॉर्म शिवायचा तो दोन बोटं सैल, फ्रॉकची शिवण आत भरपूर सोडून, आणि बूट एक नंबर मोठे, पुढे कापूस कोंबून! आपल्याकडे मुलांच्या वस्तू अशाच घेतल्या जातात, आणि त्यात गैर काहीच नाही. मुलं भराभर वाढतात, पगार तसा वाढत नाही. पण मैत्रिणींनो, एका वस्तूला हा हिशेब लावला तर पैसे वाया जातातच, वर मूलही खेळातून उठतं. ती वस्तू म्हणजे बॅट.

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला. तेव्हा “आई, मला बॅट हवी” हा हट्ट आता मुलीनेही धरला तर नवल नाही. नगरजवळच्या नागापुरात, जिथे कितीतरी घरांचं घड्याळ एमआयडीसीतल्या पाळ्यांवर चालतं, बॅट ही बोनसच्या वेळची खरेदी. मग वाटतं, घ्यायचीच तर एकदाच चांगली मोठी घेऊ. अशाच एका घरी अकरा वर्षांच्या मुलीला पुऱ्या मापाची बॅट आली. महिन्याभरात ती दाराआड गेली. मुलगी म्हणे, “मनगट दुखतं, मला नाही खेळायचं.” घरच्यांनी लगेच निकाल दिला, “मुलींना आवड नसतेच मुळी!” आवड होती हो! पण ती बॅट जमिनीवर उभी केली की तिच्या कमरेला लागत होती.

बॅट मोठी झाली म्हणजे होतं काय? उचलायलाच उशीर लागतो, तोवर चेंडू निघून जातो. मग मूल सरळ खेळण्याऐवजी खालच्या हाताच्या जोरावर आडवी फिरवू लागतं. ही सवय एकदा लागली की सरांनाही काढता येत नाही. मनगट आणि कोपर दुखतं ते वेगळंच.

माप उंचीवरून ठरतं. सव्वाचार ते साडेचार फुटांच्या मुलाला साधारण २ नंबरची बॅट, पावणेपाच फुटांपर्यंत ३ नंबरची, पाच फुटांच्या आत ४ नंबरची, पाच फूट दोन इंचांपर्यंत ५ आणि पाच फूट चार इंचांपर्यंत ६ नंबरची. त्यापुढे ‘हॅरो’ आणि मग मोठ्यांची. कंपनीगणिक इंचभर फरक पडतो, म्हणून मुलाला दुकानात बरोबर न्याच. बूट घालून ताठ उभं करा, बॅट पावलाशेजारी टेकवा. दांड्याचं टोक मांडीच्या सांध्याशी आलं पाहिजे. कमरेपर्यंत आलं तर बॅट मोठी.

आता वजन. दुकानात सगळ्यांचा घोळ होतो तो इथेच. दोन बॅटी काट्यावर सारख्या भरतील, पण हातात एक हलकी आणि दुसरी जड लागेल. लाटणं मधोमध धरा आणि मग एका टोकाला धरून आडवं करून बघा, म्हणजे कळेल! ज्या बॅटीचं लाकूड खालच्या टोकाशी जास्त, ती जड लागते. म्हणून आकड्यावर जाऊ नका. मुलाला दांड्यावरचा फक्त वरचा हात ठेवून बॅट मागे उचलायला सांगा. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा तो डावा हात असतो. मनगट वाकलं, टोक खाली लोंबलं, तर ती बॅट परत फळीवर.

सांगलीची स्मृती मानधना हे उदाहरण बघा. राहुल द्रविडने तिच्या भावाला दिलेली बॅट तिने हातात घेतली, ती तोलाला छान वाटली, आणि २०१३ साली वडोदऱ्यात गुजरातविरुद्ध तिने त्याच बॅटने नाबाद २२४ धावा काढल्या. पण तेव्हा ती सतरा वर्षांची होती, दहाची नव्हे! दुकानदार हमखास सचिनचं नाव काढील. खरं आहे, सचिन जड बॅटनेच खेळायचा. पण म्हणून आपल्या बंडूच्या हातात ती द्यायची का?

शाळेत सॉफ्टबॉल किंवा बेसबॉल असेल तर त्या गोल बॅटीवर लांबी इंचांत आणि वजन औंसांत लिहिलेलं असतं. औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. सॉफ्टबॉलची बॅट नियमाने ३४ इंचांहून लांब चालत नाही, पण तेवढी लहान मुलीला कशाला हवी? बॅट एका हातात धरून हात बाजूला सरळ आडवा करायला लावा. अर्धं मिनिट हात थरथरला नाही तर वजन बरोबर.

लाकडाबद्दल थोडंसं. रबरी किंवा टेनिसच्या चेंडूने अंगणात खेळणाऱ्याला इंग्लिश विलोची महागडी बॅट घेणं म्हणजे उधळपट्टी. काश्मीर विलो पुष्कळ झाली. लेदर बॉलची नवी बॅट मात्र आणल्या आणल्या खेळायला देऊ नका. पात्याला जवसाचं कच्चं तेल अगदी पातळ बोटाने लावा, रात्रभर आडवी ठेवा, आणि मग लाकडी हातोडीने हलके हलके ठोकून घ्यायला सांगा. दांड्याला आणि स्टिकरला तेल नको. पात्यावर प्लॅस्टिकचा पापुद्रा असेल तर त्यावर तेलाचा उपयोगच नाही. स्वयंपाकातलं शेंगदाण्याचं तेल तर मुळीच नको.

भिजली तर पुसून सावलीत वाळवा. गच्चीवर उन्हात किंवा मोरीच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. आणि थोरल्याला लहान झालेली बॅट भंगारवाल्याला देऊ नका. दोन वर्षांनी धाकटीला नवी घेण्याआधी तीच तिच्या पावलाशेजारी उभी करून बघा.