थंडीच्या दिवसांत सायकल

जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या भट्ट्या आहेत. तेथे भंगार वितळवून सळ्या करतात. काम पाळीने चालते. सकाळची पाळी सातची असली, तर आसपासच्या खेड्यांतल्या माणसाला सहालाच घर सोडावे लागते. पौषात दिवस उगवतो सातच्या सुमारास. म्हणजे सारी वाट अंधारातच! पाळी चुकली तर खाडा. घाई केली तर खड्डा.

काही पोरे म्हणतात, या वाटेला गियरची सायकल पाहिजे. मला तसे वाटत नाही. आपली साधी सायकल बरी. ती धुळीत टिकते आणि गावातला कोणीही तिला पाना लावू शकतो. मात्र थंडी सुरू झाली, की तिची थोडी तयारी करावी लागते. एक दुपार पुरते.

पहिली गोष्ट दिव्याची. दिवा कशासाठी? खड्डा आपल्याला दिसावा म्हणून. आणि आपण ट्रकवाल्याला दिसावे म्हणून. दुसरे काम मोठे आहे, बरे का. या दिवसांत रस्त्यावर भंगाराचे ट्रक असतात, सळ्यांच्या लांब गाड्या असतात, उसाच्या ट्रॉल्या असतात. ते मागून येतात. म्हणून मागे लाल दिवा लावा. तो जमत नसेल तर लाल काच तरी लावाच. मागच्या मडगार्डावर वीतभर पांढरा रंग द्या. ट्रकच्या मागे चमकणारी पट्टी असते, तिचा तुकडा पायडलांना चिकटवा. पाय खालीवर होतात, तशी ती पट्टी हलते आणि लांबून कळते, की ही सायकल आहे. काचेवरची धूळ रोज पुसा. धूळ बसली, की काच आंधळी होते.

पुढच्या दिव्याचे तोंड थोडे खाली करा. उजेड चार-पाच मीटरवर जमिनीवर पडला पाहिजे. धुक्यात दिवा वर असला, की सारा उजेड आपल्याच डोळ्यांत परत येतो.

आणखी एक. आपण शाल पांघरतो. शालीचे टोक मागे लोंबते. ते दिवा झाकते, आणि आऱ्यांत गुंतले तर माणूस उताणा पडतो. शाल आत खोचा, नाही तर स्वेटर घाला. कपडा फिकट रंगाचा असावा.

आता हवा. सायकलचा हवेचा टायर कोणी काढला, ठाऊक आहे? बेलफास्टमधल्या एका गुरांच्या डॉक्टरने! त्याचे नाव डनलॉप. साल 1888. त्याच्या मुलाची तीनचाकी सायकल खडबडीत वाटेवर फार दणके खाई. म्हणून त्याने चाकाला रबरी नळी गुंडाळून तिच्यात हवा भरली. आपली वाटही तशीच, म्हणून हवेला फार महत्त्व आहे. थंडीत हवा आकसते. दुपारी तीस अंश उन्हात भरलेले चाक पहाटे दहा-बारा अंशांत थोडे मऊ लागते. पंक्चर नसतानाही. म्हणून पहाटे अंगठ्याने दाबून पाहा. मागचे चाक टणक असावे, कारण आपले वजन त्यावर जास्त असते. पुढचे किंचित मऊ चालेल. त्याने हातांना दणका कमी बसतो. पण फार मऊ नको. खड्ड्यात रिम ट्यूबवर आदळते आणि ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. वॉल्व्हमधली बारीक रबरी नळी जुनी झाली, की कडक होते व हवा सोडते. ती दरवर्षी बदला. तिला पैसे ते किती लागतात!

या वाटेवर दोन वैरी आहेत. एक वाळलेले सराटे, दुसरा भंगारातून सांडलेला लोखंडाचा चुरा. घरी पोचलात, की टायरवरून नजर फिरवा. रुतलेला कण तेव्हाच काढला, तर पंक्चर वाचते.

ब्रेकची गोष्ट मी स्वतः भोगली आहे. मी शाळेवर सायकलने जात असे. एके पहाटे उतारावर ब्रेक दाबला. रिम दवाने ओली होती. सायकल काही थांबेना! समोर कडब्याची गाडी उभी होती. कडब्यावर आदळलो, म्हणून हाडे शाबूत राहिली. लोखंडी रिम ओली असली, की ब्रेकचे रबर घसरते. म्हणून उताराच्या आधीच ब्रेक दोन-तीनदा हलके दाबावा. रिम पुसली जाते. ब्रेकचे रबर गुळगुळीत झाले असेल, तर काचकागदाने घासा. झिजले असेल, तर नवे घाला.

पायडलाजवळच्या चाकाचे दाते मोजा. समजा ते 44 आहेत. मागच्या फ्रीव्हीलचे 18 असतील, तर पायडलाच्या एका फेऱ्यात चाक जवळजवळ अडीच फेरे घेते. सडकेवर हे छान. पण खडीच्या वाटेवर, चढावर, पाय भरून येतात. मागे 22 दाते घातले, तर चाक दोनच फेरे घेते. पाय हलका पडतो, पण आठ किलोमीटरला पाच-सहा मिनिटे जास्त लागतात. मला 20 दाते पटतात. ज्याची वाट बहुतेक डांबरी आहे, त्याने 18 च ठेवावे. दाते बदलले, की चेनही पुन्हा बसवावी लागते. ती मध्यावर अर्धा इंच हलावी. जास्त सैल असली, तर दणक्याने उतरते. चेनला तेल रात्री द्या आणि सकाळी वरचे पुसून टाका. वर राहिलेले तेल धूळ ओढते. खाण्याचे तेल घालू नका, ते चिकट होते.

जवळचा रस्ता म्हणून समृद्धी महामार्गाचा विचार करू नका. तो 2022 साली सुरू झाला. त्यावर सायकलला बंदी आहे.

शेवटी पाना घ्या आणि साऱ्या चाक्या आवळा. आरे बोटाने छेडून पाहा. सैल आऱ्याचा आवाज बद्द येतो. आणि पंप घरचाच असू द्या. पहाटे सहाला पंक्चरचे दुकान उघडे नसते.