एकाच पक्षाचे दोन उमेदवार, दोघांनाही ७३ मतं. १८०० साली अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष कसा ठरला?

अमेरिकेतल्या १८०० सालच्या निवडणुकीत फेडरलिस्ट पक्षाचे राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांच्यासमोर त्यांचेच उपराष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन उभे होते. जेफरसन विरोधी रिपब्लिकन पक्षाचे नेते. आजच्या रिपब्लिकन पक्षाशी या पक्षाचा संबंध नाही. ॲडम्स ६५ मतांवर अडकले आणि हरले. पण जेफरसन जिंकले असंही म्हणता येईना. कारण त्यांना ७३ मतं होती आणि त्यांच्याच पक्षाच्या ॲरन बर यांनाही ७३.

घोळ कुठे झाला?

राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींना इलेक्टर म्हणतात. तेव्हा प्रत्येक इलेक्टर दोन मतं द्यायचा, पण कोणतं मत कोणत्या पदासाठी हे सांगायची सोय राज्यघटनेत नव्हती. पहिला येणारा राष्ट्राध्यक्ष, दुसरा उपराष्ट्राध्यक्ष. म्हणूनच १७९६ साली ॲडम्स आणि जेफरसन हे विरोधक एकत्र सत्तेत आले होते.

रिपब्लिकनांना बर उपराष्ट्राध्यक्ष म्हणून हवे होते. त्यासाठी एका इलेक्टरने दुसरं मत बर यांना न देता भलत्यालाच द्यायला हवं होतं. फेडरलिस्टांनी ही काळजी घेतली होती, रिपब्लिकनांनी नाही.

३६ वेळा मतदान

बरोबरी झाल्याने निर्णय संसदेच्या कनिष्ठ सभागृहाकडे गेला. राज्यं १६, प्रत्येकाला एक मत, जिंकायला ९ हवीत. जेफरसन नकोत म्हणून बहुतेक फेडरलिस्ट बर यांच्यामागे गेले आणि बर यांनीही माघार घेतली नाही. ११ फेब्रुवारी १८०१ ला मतदान सुरू झालं. जेफरसन ८, बर ६, दोन राज्यं आपसातच विभागलेली. ३५ फेऱ्या झाल्या तरी आकडा हलेना. ४ मार्चला ॲडम्स यांची मुदत संपणार होती. त्यानंतर देश कोण चालवणार, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

फेडरलिस्ट नेते अलेक्झांडर हॅमिल्टन यांचा जेफरसन यांना विरोध होता, पण बर त्यांना जास्त धोकादायक वाटत. त्यांनी आपल्या लोकांना पत्रं लिहिली. अखेर डेलावेअरचे एकमेव खासदार जेम्स बेयर्ड यांनी हट्ट सोडला. १७ फेब्रुवारीला ३६व्या फेरीत काही फेडरलिस्ट तटस्थ राहिले आणि जेफरसन १० राज्यांसह जिंकले.

पुढे काय झालं?

१८०४ साली १२वी घटनादुरुस्ती झाली आणि दोन्ही पदांसाठी वेगळं मतदान सुरू झालं. त्याच वर्षी बर यांनी द्वंद्वयुद्धात हॅमिल्टन यांना गोळी घातली, त्यात त्यांचा मृत्यू झाला.

ॲडम्स मात्र जेफरसन यांच्या शपथविधीला थांबले नाहीत. ४ मार्चला पहाटेच त्यांनी वॉशिंग्टन सोडलं. राग होता, पण खुर्ची त्यांनी धरून ठेवली नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपद एका पक्षाकडून विरोधी पक्षाकडे जाण्याची ही पहिलीच वेळ होती.